काकवीचं पिंप

बागेत त्यांना सगळे लॅबताई म्हणत. सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचेच्या बशांमध्ये लोकांचे रोग वाढवून बघण्यात गेलेली बाई. त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत नगरपालिकेनं तीस वाफे आखून दिले. आठ नंबरचा त्यांना मिळाला, नऊ नंबरचा मला. त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं, आणि काही वेळा पाहून न पाहिल्यासारखं केलं, तेही सांगायला हवं.

बांध्यानं किरकोळ, आवाज बसका, आणि हात सारखे धुण्याची सवय. वाफ्यावर यायच्या तेव्हा पिशवीत खुरपं, कात्री आणि साबणाची वडी असायचीच. बोलणं मोजकं, आणि खरं सांगायचं तर जरा टोचणारं. आपण म्हणावं, यंदा टोमॅटो झकास आलेत, तर त्या पान उलटून दाखवायच्या, "हे ठिपके बघितले का?" अशा माणसाशी लोक आदरानं वागतात, पण गप्पा मारायला दुसऱ्याकडे जातात.

दुसऱ्या वर्षी बागेत भुरी आली. काकडी, भोपळा, दोडका, सगळ्यांच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी पूड. आठवड्याभरात पानं करपून कुरकुरीत. औषधं मारायची नाहीत असं आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं, म्हणून नुसते हात चोळत बसलो होतो. तेव्हा लॅबताईंनी पिंप आणलं. चांगलं वर्षभर मुरलेलं कंपोस्ट कापडी पिशवीत बांधायचं, पाण्यात लोंबकळत सोडायचं, आणि माशांच्या टाकीत असतो तसला छोटा पंप लावून दिवसभर हवा बुडबुडत ठेवायची. पाण्याला चहाचा रंग येतो, म्हणून कंपोस्टचा चहा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळून पानांवर फवारायचा, वरून आणि खालून. खतातले निरुपद्रवी जिवाणू पानांवर जागा धरून बसतात, मग रोगाच्या बुरशीला पाय रोवायला जागा उरत नाही. असं त्यांनी आम्हाला समजावलं. चांगल्या चहाला ओल्या मातीचा वास येतो, घाण वास आला तर सरळ ओतून द्यायचा.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते कधीमधी डबा घेऊन यायचे आणि पिंपात डोकावून म्हणायचे, "घरी मला चार वेळा मागून एकदा मिळतो. काकड्यांचं नशीब बघा."

चहानं गुण आला, पण लॅबताईंनी तो कधी फुगवून सांगितला नाही. त्यांनी चार वेलांवर चहा मारला होता आणि शेजारच्या चारांवर नुसतं पाणी. कुणी विचारलं की सांगायच्या, "भुरी कमी होते. जात नाही. करप्याच्या रोगावर तर फारसा उपयोग दिसत नाही." आणि एक नियम त्यांनी पहिल्या दिवसापासून घालून दिला होता: जी पानं कच्ची खायची, त्यांच्यावर हा चहा मारायचा नाही. सॅलडची पानं, कोथिंबीर, मुळ्याचा पाला, काही नाही. शिजवायचं असेल त्यावरच. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "खत म्हणजे शेवटी शेणच. मुरलं असं आपण म्हणतो. त्याला विचारलेलं नसतं."

दोन वर्षं हे असं चाललं. चौथ्या वर्षी बागेची समिती झाली आणि हेडसर अध्यक्ष झाले.

हेडसर शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. उंच, पांढरे केस मागे वळवलेले, आणि आवाज असा की तीस वाफ्यांना एकाच वेळी ऐकू जावा. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. बागेला नळ त्यांच्यामुळे आला, कुंपण त्यांच्यामुळे झालं. पण 'कमी होते, जात नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडात बसण्यासारखं नव्हतं. त्यांना 'नायनाट' हा शब्द आवडायचा. त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं की चहात काकवी घातली की जिवाणू शंभरपट वाढतात आणि पिंपावर वीतभर फेस येतो. त्यांनी दोनशे लिटरचं निळं पिंप आणलं, गोठ्यातून गाडीभर खत आणलं आणि काकवीचा डबा आणला.

फेस खरोखरच आला. पिंपाच्या कडेवरून ओघळून खाली उतरला. लोक बघायला जमले. लॅबताईंच्या पिंपात असं काही कधी दिसलं नव्हतं, तिथे नुसतं गढूळ पाणी बुडबुडायचं.

त्याच आठवड्यात समितीची बैठक होती. पुढच्या शनिवारी बागेचा खुला दिवस ठरला होता. नगरपालिकेचे लोक येणार, वसाहतीतली कुटुंबं येणार, वाफ्यावरची ताजी पानं तोडून लोकांना तिथल्या तिथे चाखायला द्यायची अशी हेडसरांची कल्पना. सॅलडच्या पानांवर त्या वर्षी केवडा नावाचा रोग पडला होता, पिवळे डाग दिसत होते. म्हणून आठवडाभर रोज नव्या चहाची फवारणी करायची, असं त्यांनी मांडलं.

लॅबताई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की काकवी चांगल्या जिवाणूंना वाढवते तशीच वाईटांनाही वाढवते, तिला भेद कळत नाही. गोठ्यातलं खत अजून कच्चं आहे, हातात घेतलं तर गरम लागतं. दोन्ही एकत्र करून ते खायच्या पानांवर मारणं म्हणजे जुगार आहे. त्यांनी हे सांगितलं ते नेहमीच्या रुक्ष आवाजात, कुणाकडे न बघता, अहवाल वाचल्यासारखं.

हेडसर हसले. म्हणाले, "ताईंचा दोष नाही. आयुष्यभर लोकांच्या लघवीचे आणि शौचाचे डबे तपासलेत. त्यांना आता देवाच्या प्रसादातही जंतूच दिसणार."

सगळे हसले. मीही हसलो. त्यातलं काही क्रूर आहे असं त्या क्षणी वाटलं नाही. मग हात वर करायला सांगितलं, तेव्हा फवारणीच्या बाजूनं एकवीस हात वर गेले. एकविसांत माझाही होता. सात नंबरवाली शिवणकाम करणारी तेवढी हात खाली ठेवून बसली होती. तिचा नवरा दूरच्या गावी कामाला, पाच वर्षांची एक मुलगी. वाफा लावायला तिला लॅबताईंनीच शिकवलं होतं. रोपांतलं अंतर, पाणी कधी, पानं कधी खुडायची, सगळं.

लॅबताई बैठक संपायच्या आधीच उठून गेल्या. मात्र जाताना त्यांनी एक काम केलं, जे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. निळ्या पिंपातून एका झाकणाच्या बाटलीत थोडा चहा भरून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या प्रयोगशाळेत नेऊन दिला. तिथे त्यांच्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी आता मुख्य होती. बाहेरचं काम म्हणून तिनं नकार दिला नाही.

बुधवारी कागद हातात आला. माणसाच्या आतड्यातून रक्त पाडणारा जो जंतू असतो, तोच, आणि पिंपात भरभरून.

इथून पुढचं मला त्यांच्या यजमानांनी सांगितलं. लॅबताई घरी आल्या, कागद टेबलावर ठेवला, हात धुतले, आणि खुर्चीत बसून राहिल्या. यजमानांनी विचारलं, आता काय करणार. त्या म्हणाल्या, "त्यांना यायचं असेल तर येतील विचारायला." यजमानांना त्यांचा बैठकीतला अपमान कळलेला होता. ते म्हणाले, "तू एकदा सांगितलंस. चारचौघांत तोंडावर सांगितलंस. आता पुन्हा जाऊन शोभा कशाला करून घ्यायची? चार दिवस गप्प बस." हे वाक्य आपण का बोललो, असं ते मला पुढे तीन-चार वेळा म्हणाले. पण त्यांनी काही बोलायची गरज नव्हती. लॅबताईंनी आधीच ठरवलं होतं. कागद त्यांनी कपाटाच्या खणात ठेवून दिला.

त्यांच्या मनात काय होतं, हे त्यांनी नंतर एकदा स्वतःच्या तोंडानं सांगितलं, म्हणून लिहितो. कुणी मरावं, आजारी पडावं, असं त्यांच्या मनात नव्हतं. चार लोकांची पोटं बिघडतील, दोन दिवस धावाधाव होईल, आणि मग हेडसरांना कळेल, एवढंच. त्यांनी आयुष्यभर हजारो कागदांवर असले निकाल लिहिले होते आणि ते वरच्या डॉक्टरांकडे पाठवून दिले होते. पुढे काय करायचं हे ठरवणारा नेहमी दुसरा कुणी असायचा. या वेळी वर कुणीच नव्हतं.

गुरुवारी दुपारी शिवणवाली त्यांच्या घरी आली. पडद्यांची मापं घ्यायची होती, ते आधीच ठरलं होतं. बरोबर मुलगी. आई स्टुलावर चढून खिडकी मोजत होती, आणि मुलगी जमिनीवर बसून घड्याळांच्या रिकाम्या डब्या एकावर एक रचत होती. शिवणवालीनं आपणहून विषय काढला. म्हणाली, त्या दिवशी बैठकीत मला फार वाईट वाटलं, पण मी एकटी काय बोलणार. मग म्हणाली, "ताई, शनिवारी येणार ना तुम्ही? ही सारखी विचारतेय."

लॅबताई म्हणाल्या, "बघू."

कपाट तिच्या हाताशी होतं. स्टुलावरून उतरताना तिनं त्यालाच धरलं.

शनिवारी खुला दिवस झाला. ऊन छान होतं. लांब टेबलावर पांढरं कापड आणि त्यावर परातींत पाण्यातून काढलेली हिरवीगार पानं. हेडसरांनी भाषण केलं, केवड्याचा नायनाट झाला असं सांगितलं, आणि पिवळे डाग खरंच कमी दिसत होते. मी दोन पानं खाल्ली. शिवणवालीची मुलगी टेबलाखाली बसून सशासारखी खात होती. लोक तिला आणखी आणखी देत होते, कारण भाजी आवडीनं खाणारं मूल बघायला सगळ्यांना बरं वाटतं.

मंगळवारपासून लोक आजारी पडायला लागले. आधी दोघं, मग पाच, मग अकरा. मला तीन दिवस उठता आलं नाही. बाकीचे हळूहळू सावरले. मुलीचे जुलाब थांबले, तेव्हा तिच्या आईला हायसं वाटलं. पण दोन दिवसांनी मुलीचा चेहरा सुजला आणि लघवी बंद झाली.

लॅबताईंना हे कळलं तेव्हा त्यांनी खणातला कागद काढला आणि थेट मुलांच्या वॉर्डात गेल्या. डॉक्टरांच्या हातात दिला. त्या कागदामुळे डॉक्टरांना काय शोधायचं ते लगेच कळलं, हे खरं आहे, आणि डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. मूत्रपिंडं बसली होती. मुलीला सतरा दिवस डायलिसिसच्या यंत्रावर ठेवावं लागलं. ती वाचली. पण मूत्रपिंडं पहिल्यासारखी होणार नाहीत, आयुष्यभर जपावं लागेल, असं सांगून तिला घरी पाठवलं.

आरोग्य खात्याचा माणूस आला तेव्हा बागेच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. हेडसर खचलेले होते. डोळे आत गेलेले, आवाज बारीक. त्यांनी सुरुवातीला असं सांगितलं की कंपोस्टचा चहा ही कल्पना मूळ लॅबताईंची, आम्ही फक्त पुढे चालवली. लॅबताईंनी तपासणीचा कागद टेबलावर ठेवला. काकवीच्या आणि कच्च्या खताच्या विरोधात त्या बैठकीत बोलल्या होत्या, ते इतिवृत्तातही होतं. त्यांचं म्हणणं शाबीत व्हायला तेवढं पुरेसं होतं. कागद नसता दाखवला तरी चाललं असतं. पण कागद लपवायचा नाही, हे त्यांचं एकतीस वर्षांचं वळण. एकदा लपवला होता तो लपवला होता.

हेडसरांनी कागद हातात घेतला. चष्मा वर केला. आणि आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या त्या माणसाला चूक बरोबर सापडली.

"यावर बुधवारची तारीख आहे," ते म्हणाले. "म्हणजे खुल्या दिवसाच्या आधीचा बुधवार."

शिवणवाली दाराजवळ उभी होती, दवाखान्यातून तशीच आलेली. तिनं विचारलं, "ताई, बुधवारी तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी गुरुवारी तुमच्या घरी होते."

"हो," लॅबताई म्हणाल्या.

तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. कुणी तिला खुर्ची पुढे केली, ती बसली नाही, निघून गेली.

त्यानंतर त्या खोलीत कुणाला काकवी आठवली नाही. गोठ्यातलं खत आठवलं नाही, हात वर करणारे एकवीस जण तर मुळीच नाही. आम्हाला सगळ्यांना एक माणूस मिळाला होता, आणि आम्ही तो घट्ट धरून ठेवला. बाहेर पडताना एकजण म्हणाला, शिकलेल्या बाईनं असं करावं. दुसरा म्हणाला, सूड उगवला हो. मी मान हलवली.

आरोग्य खात्यानं बागेला तंबी दिली आणि चहा बंद करायला लावला. पिंपं गेली. पुढच्या मोसमात औषधाची पाकिटं आली, तीही हेडसरांनीच आणली, त्यांनाच पुन्हा अध्यक्ष केलं होतं. त्यांनी त्या प्रसंगानंतर शिवणवालीच्या दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी लोकांना उभं केलं, आळीपाळीनं सोबत जायची व्यवस्था लावली, स्वतः कितीतरी वेळा गेले. लोक त्यांना मानतात. मला वाटतं, तेही रात्री नीट झोपत नसतील, पण हे मी त्यांना विचारलेलं नाही.

लॅबताईंनी वाफा सोडला. किल्ली समितीला देण्याऐवजी माझ्या हातात दिली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की तुमचं म्हणणं बरोबरच होतं, आम्ही ऐकायला हवं होतं.

त्या म्हणाल्या, "बरोबर असण्याचाच तर माज आला होता मला." आणि मग, "तुम्ही सगळे मूर्ख होतात. मी नव्हते. म्हणून माझं जास्त वाईट." आणि हात धुवायला नळाकडे गेल्या.

वसाहतीत त्यांच्याशी कुणी भांडलं नाही. फक्त जिन्यात समोर आल्या की लोकांना काहीतरी विसरल्याचं आठवायचं आणि ते मागे फिरायचे. यजमानांच्या दुकानावरही थोडा परिणाम झाला. त्यांनी विनोद करणं सोडलं, ते मला सगळ्यात जास्त जाणवलं.

दीड-दोन वर्षांनी एक दिवस मी यजमानांकडे घड्याळाचा पट्टा बसवून घ्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. दार वाजलं. शिवणवाली होती. हातात रक्ततपासणीचा कागद. मी चमकलो, पण घरातली दोघं चमकली नाहीत. मग कळलं की ती दर तीन महिन्यांनी अशी येते. दवाखान्यात गर्दी असते, कागद हातात ठेवून चार दिवसांनी यायला सांगतात, आणि चार दिवस तिला धीर धरवत नाही. आकडे तिला कळत नाहीत. आमच्या ओळखीत आकडे कळणारं माणूस एकच.

ती उंबऱ्याच्या आत येत नाही. पाणीही घेत नाही. कागद पुढे करते आणि भिंतीकडे बघत उभी राहते. पूर्वी तिला अगं-तुगं करणाऱ्या लॅबताई आता तिला तुम्ही म्हणतात.

त्यांनी चष्मा लावला आणि कागद खालपर्यंत वाचला.

"क्रिएटिनिन मागच्या खेपेला शून्य पॉइंट नऊ होतं," त्या म्हणाल्या. "आता एक पॉइंट दोन आहे."

"म्हणजे?"

"वाढलंय. चार दिवस थांबू नका. आत्ता जा, बाह्यरुग्ण विभाग एक वाजेपर्यंत उघडा असतो. हा आकडा बोटानं दाखवा, नाहीतर ते बघणार नाहीत."

शिवणवालीनं कागद घेतला, दोनदा घडी घातली आणि पिशवीत ठेवला. जाते म्हणाली नाही. जिन्यावरून खाली उतरताना तिच्या चपलांचा आवाज भरभर येत होता. लॅबताई आवाज थांबेपर्यंत दारात उभ्या होत्या. मग आत आल्या, आणि माझ्याकडे न बघता यजमानांना म्हणाल्या की यांच्या घड्याळाचा पट्टा तिरका बसलाय, काढून पुन्हा लावा.